दारावरचा तिसरा डोळा

घराला कॅमेरे लावायचे म्हटलं की दुकानदार देईल ते घ्यायचं आणि तो लावेल तिथे लावायचं, असंच बहुतेक घरांत होतं. पण वायर, हार्ड डिस्क, पासवर्ड या काही समजायला अवघड गोष्टी नाहीत. आणि कॅमेऱ्याचं तोंड कुठे हवं, हे तर घरातल्या बाईइतकं कुणालाच कळत नाही.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या समोरच्या वहिनी भाच्याच्या लग्नाला दोन दिवस गावाला गेल्या होत्या. परत आल्या तर मागच्या दाराची कडी उचकटलेली, कपाट सताड उघडं आणि कपडे खोलीभर पसरलेले. गंठण, लेकीच्या लग्नासाठी करून ठेवलेल्या दोन पाटल्या, देवघरातली चांदीची भांडी, सगळं गेलं. वहिनी मटकन खालीच बसल्या. गल्लीतल्या आम्ही सगळ्या धावलो. कुणीतरी म्हणालं, "अहो, पण तुमच्याकडे कॅमेरे आहेत ना? त्यात दिसेलच की!"

सगळ्यांच्या जिवात जीव आला. चारही कॅमेरे जागच्या जागी होते. पण टीव्हीखालच्या कप्प्यात, जिथे रेकॉर्डर ठेवलेला असायचा, तिथे धुळीत उमटलेला एक चौकोन तेवढा उरला होता. चोराने जाता जाता तो डबाही काखोटीला मारला होता!

पंचनाम्याला आलेले हवालदार म्हणाले, "ताई, कॅमेऱ्यात काही नसतं. जे असतं ते त्या डब्यात असतं."

हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आठवड्याभरात आमच्याही घरी कॅमेरे लावायचं ठरलं. पुण्याहून लेकाचा फोन आला, "आई, ऑनलाइन सेल लागलाय, मी पाठवून देतो." यांनी दुकानातून एक कोटेशन आणलं. त्यातलं निम्मं मला कळलं नाही आणि खरं सांगायचं तर यांनाही कळलं नव्हतं! मग मनात आलं, साधा मिक्सर घेताना आपण चार दुकानं फिरतो, दहा प्रश्न विचारतो. मग इथेच का गप्प बसायचं? महिनाभर मी विचारत सुटले. कॅमेरे बसवणाऱ्या मुलांना, वायरमनला, ज्यांच्याकडे कॅमेरे आहेत त्या बायकांना. त्यातून जे हाती लागलं ते इथे सांगते.

आधी प्रश्न, मग कॅमेरा

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "किती कॅमेरे?" पण त्याआधी आपण आपल्याला विचारायचं, "मला नेमकं काय बघायचंय?" कागदावर घराचा साधा नकाशा काढा. घरात शिरायचे रस्ते किती? पुढचं फाटक, मागचं दार, गच्चीचा जिना, शेजारच्या मोकळ्या प्लॉटकडची भिंत. बैठ्या घराला तीन-चार कॅमेरे बहुतेक वेळा पुरतात. वहिनींच्या चारपैकी तीन कॅमेरे पुढच्या बाजूला होते आणि चोर आला परसदारातून. पुढची बाजू दिसायला छान दिसते, पाहुण्यांनाही दिसते. पण चोर पाहुण्यासारखा पुढून थोडाच येणार आहे?

डब्यांची ओळख

आता साधन बघू. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला, कॅमेरे आणि डीव्हीआर. कॅमेऱ्यापासून डब्यापर्यंत जाड वायर येते. कॅमेरा फक्त बघतो, साठवण्याचं काम डबा करतो. स्वस्त आणि टिकाऊ. गावातला कुठलाही कॅमेरेवाला दुरुस्त करू शकतो. इंटरनेट नसलं तरी रेकॉर्डिंग चालू राहतं. आपल्यासारख्यांच्या घराला हा पुष्कळ.

दुसरा, आयपी कॅमेरे आणि एनव्हीआर. यात कॉम्प्युटरच्या नेटवर्कची वायर असते. त्याच एका वायरमधून कॅमेऱ्याला वीजही देता येते आणि ती वायर १०० मीटरपर्यंत नेता येते. चित्र अधिक बारकाईचं मिळतं, पण खर्चही वाढतो. मोठं घर, मळा, गोठा, दुकान असं सगळं एकत्र बघायचं असेल तर विचार करावा.

तिसरा, वायफाय कॅमेरा. सेलमध्ये दिसतो तो हाच. यात वेगळा डबा नाही, रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्याच मेमरी कार्डावर होतं. भाड्याच्या घरात भिंती फोडायच्या नसतील, किंवा एकट्या राहणाऱ्या आईच्या दारावर एकच कॅमेरा हवा असेल, तर सोयीचा. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. 'वायरलेस' म्हटलं तरी बहुतेकांना विजेची वायर लागतेच. आणि जुन्या वाड्यांच्या दोन-दोन फुटी भिंतींपुढे वायफाय दम टाकतं. शिवाय चोराने कॅमेराच उपटून नेला तर कार्डही त्याच्याबरोबर गेलं. कंपनीच्या सर्व्हरवर साठवायची सोय बहुतेक ठिकाणी मिळते, पण तिचे पैसे दर महिन्याला किंवा वर्षाला वेगळे मोजावे लागतात. खरेदीच्या वेळी हे कुणी आपणहून सांगत नाही.

एक अनुभवाचा सल्ला. आज चार कॅमेरे घेत असाल आणि पुढे गच्चीवर, गोठ्यात वाढवायचा विचार असेल, तर डबा आठ चॅनेलचाच घ्या. चारच्या डब्याला पाचवा कॅमेरा जोडता येत नाही. मग पुन्हा नवा डबा घ्यावा लागतो.

डबा भरतो कधी?

रेकॉर्डर म्हणजे धान्याची कोठी समजा. भरली की तो आपोआप सगळ्यात जुनं पुसतो आणि नवं भरतो. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा चोवीस तास चालला की सेटिंगप्रमाणे दिवसाला साधारण २० ते ४० जीबी जागा खातो. चार कॅमेऱ्यांचे झाले ८० ते १६० जीबी. एक टीबीची हार्ड डिस्क म्हणजे हजार जीबी. घाला भागाकार! सहा ते बारा दिवस. तुम्ही दिवाळीला पंधरा दिवस माहेरी गेलात आणि चोरी दुसऱ्याच दिवशी झाली, तर परत येईपर्यंत ते पुसलं गेलेलं असणार.

म्हणून दुकानदाराला "किती टीबी?" असं विचारू नका. "माझे चार कॅमेरे, मला वीस दिवसांचं हवंय, काय लागेल?" असं विचारा. त्यातच 'एच.२६५' ही सोय आहे का तेही विचारा. जुन्या 'एच.२६४' पद्धतीपेक्षा ती बऱ्याच कमी जागेत तेवढंच चित्र बसवते. हालचाल झाली तेवढंच रेकॉर्ड करायचं, असंही सेटिंग असतं. जागा खूप वाचते, पण झाडाची फांदी हलली तरी ते चालू होतं आणि कधी नेमक्या वेळी चुकतंही. आम्ही पुढच्या-मागच्या दाराला चोवीस तास ठेवलं आणि गच्चीला हालचालीपुरतं.

हार्ड डिस्क कोटेशनमध्ये धरली आहे का तेही बघा. बऱ्याचदा ती वेगळी असते. आणि ती रेकॉर्डरसाठीचीच असू द्या. कॉम्प्युटरची साधी किंवा जुनी डिस्क रात्रंदिवस चालण्यासाठी केलेली नसते. ती मध्येच बंद पडते आणि ते आपल्याला कळतं चोरी झाल्यावर!

टोपी दिसते, चेहरा नाही

"काकू, हा घ्या, लांबपर्यंत दिसतं," असं म्हणून मुलगा मोबाइलवर गल्लीच्या टोकापर्यंतचं चित्र दाखवतो. आपण खूश. पण 'कुणीतरी आलं' हे दिसणं वेगळं आणि 'कोण आलं' हे ओळखणं वेगळं.

कॅमेऱ्यावर २.८, ३.६, ६ एमएम असे आकडे असतात. तो लेन्सचा आकडा. आकडा लहान तेवढं रुंद दिसतं, पण माणसं बारीक दिसतात. दोन मेगापिक्सेलच्या २.८ एमएम कॅमेऱ्यात अनोळखी माणसाचा चेहरा दहा-बारा फुटांपर्यंतच खात्रीने ओळखण्यासारखा येतो. त्यापुढे कपडे, चाल, उंची कळते, पण चेहरा पुसट. ६ एमएमच्या लेन्समध्ये तोच चेहरा वीस-पंचवीस फुटांवरून ओळखता येतो, पण आजूबाजूचं फारसं दिसत नाही. म्हणून अंगणाला २.८ आणि फाटक लांब असेल तर फाटकावर ६, अशी वाटणी करावी.

उंचीचंही तसंच. चोराचा हात पोचू नये म्हणून कॅमेरा पार गच्चीच्या कठड्यावर लावतात. मग दिसते ती त्याची टोपी! आठ ते दहा फूट उंची बरी. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन थेट तोंडावर येणार नाही असं बघा, नाहीतर समोरचा माणूस काळा ठिपका दिसतो. खिडकीच्या काचेआडून बाहेर रोखलेला कॅमेरा रात्री आंधळा होतो, कारण त्याचाच उजेड काचेवरून परत फिरतो.

आणि हो, कोळी! रात्री बघण्यासाठी कॅमेऱ्यातून जो न दिसणारा उजेड पडतो, त्याला किडे येतात. किड्यांमागे कोळी येतो आणि लेन्ससमोरच जाळं विणतो. सकाळी बघावं तर सगळं पांढरंधोप. आम्ही आता दर शनिवारी जळमटं काढताना केरसुणीला फडकं बांधून कॅमेऱ्यांवरूनही हलकेच फिरवतो. याला काही खर्च नाही.

वीज गेली की डोळा मिटला

आपल्याकडे वीज जायला वेळकाळ नाही. चोराला तर अंधारच हवा असतो. डबा, कॅमेऱ्यांना वीज देणारा पॉवर सप्लाय आणि इंटरनेटचा राऊटर ही तिन्ही इन्व्हर्टरवर हवीत. नुसता डबा इन्व्हर्टरवर ठेवून उपयोग नाही, कारण मग डबा जागा आणि कॅमेरे झोपलेले! काम झाल्यावर वायरमन निघायच्या आत मेन स्विच बंद करून बघा. आमच्याकडे तसं केलं तेव्हा मागचा कॅमेरा गेला. त्याचा अडॅप्टर वेगळ्याच प्लगला होता. लगेच बदलून घेतलं.

डबा टीव्हीखाली नको, हे तर वहिनींच्या घरीच शिकलो. माळ्यावर किंवा कुलपाच्या कपाटात ठेवा. मात्र त्याला वारा लागू द्या, कारण तो गरम होतो. जाळीचं दार असलेलं छोटं लोखंडी खोकं करून भिंतीला बोल्टने बसवता येतं.

किल्ली कुणाकडे?

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोबाइलवर घर दिसतं याचं आपल्याला केवढं अप्रूप! पण जे आपल्याला दिसतं ते आणखी कुणाला दिसत असेल?

२०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या एका घातक प्रोग्रॅमने जगभरातले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. युक्ती साधी होती. कारखान्यातून आलेला पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता. ते कुठे तरी परदेशात झालं म्हणून सोडून देऊ नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातमधल्या राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं, स्त्रियांच्या तपासणीचं सीसीटीव्ही चित्रण इंटरनेटवर पसरल्याचं उघड झालं. पोलिसांनी पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही तरुण होते. बाईला तिच्या नकळत अशा खासगी अवस्थेत टिपणं किंवा ते पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पण गुन्हा नोंदवेपर्यंत जे जायचं ते गेलेलं असतं.

म्हणून कॅमेरे बसले की त्याच दिवशी, तुमच्या समोर, पासवर्ड बदला. बसवणाऱ्या मुलाने ठेवलेला नको, घराचं नाव नको, मोबाइल नंबर नको. अनेक अ‍ॅपमध्ये ज्याच्या मोबाइलवरून कॅमेरा पहिल्यांदा जोडला जातो तो त्याचा मालक ठरतो. मुलं घाईत स्वतःच्याच मोबाइलवर जोडून आपल्याला नुसती बघायची परवानगी देतात. त्यांचा हेतू वाईट असतो असं नाही. पण घराची किल्ली वायरमनकडे ठेवून आपण झोपतो का? पहिली जोडणी स्वतःच्या मोबाइलवरून करा. पासवर्ड कागदावर लिहून दागिन्यांच्या पावत्यांबरोबर ठेवा.

सरकारनेही आता नियम कडक केले आहेत. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या अटींची तपासणी आणि बीआयएसची नोंदणी बंधनकारक झाली आहे. खोक्यावर बीआयएसची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघून घ्या. बिननावाचा स्वस्त कॅमेरा महागात पडतो.

घरात कॅमेरा असावा का?

इथे मात्र मला माझीच चूक सांगायची आहे.

तीन कॅमेरे बाहेर लागले. चौथा हॉलमध्ये लावायचं यांच्या मनात होतं, कारण कपाटाची खोली तिथून दिसते. मीही हो म्हटलं. पंधरा-वीस दिवसांनी लक्षात आलं की सासूबाई दुपारच्या हॉलमध्ये दिसतच नाहीत. एरवी जेवण झालं की त्या दिवाणावर आडव्या व्हायच्या, गुडघ्याला तेल चोळायच्या, रेडिओ लावायच्या. आता स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेल्या असायच्या. हॉलमध्ये आल्या तरी पदर सावरून, पाय दुमडून.

मी विचारलं, "आई, दिवाणावर का नाही पडत हल्ली?"

त्यांनी वर बोट दाखवलं. "तो बसलाय ना तिथे. परक्यासमोर पाय पसरून कशी पडू?"

मला काही बोलायलाच सुचलं नाही. चाळीस वर्षं ज्या घरात त्या मोकळेपणी वावरल्या, तिथे मी त्यांना पाहुणी करून टाकलं होतं.

हा विषय मैत्रिणींत काढला तेव्हा आणखी काय काय निघालं. एकीचे यजमान नोकरीला परगावी. हॉलमधल्या कॅमेऱ्यावरून त्यांचा फोन येतो, "दुपारी कोण आलं होतं? एवढा वेळ काय बोलत होतीस?" ती हसत हसत सांगत होती, पण डोळे हसत नव्हते. चोरासाठी लावलेला कॅमेरा घरातल्याच बाईवर पहारा करायला लागला, तर ती सुरक्षितता कुणाची?

कायदाही याकडे बघू लागला आहे. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं, की सोबत राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात असे कॅमेरे चालवता येणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. न्यायालयापर्यंत कशाला जायला हवं? कॅमेरा लावण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारावं. सुनेला, सासूला, कॉलेजच्या लेकीला आणि धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनाही. शेजाऱ्यांच्या खिडकीकडे आणि न्हाणीकडे तोंड जात नाही ना, तेही बघावं.

लहान बाळ किंवा अंथरुणावरचं माणूस सांभाळायला बाई ठेवली असेल, तर घरात कॅमेरा लागतो, हे मान्य. पण त्या बाईला तो आहे हे सांगून लावा. आणि घरात सगळे असताना बंद करता येईल असा घ्या.

आमचा चौथा कॅमेरा त्याच रविवारी हॉलमधून निघाला आणि गच्चीच्या जिन्यावर गेला. यांनी थोडी कुरकुर केली. मी म्हटलं, "चोर जिन्यावरून आत येईल. आई कुठे जातील?" त्यावर हे काही बोलले नाहीत, स्वतःच शिडी धरून उभे राहिले.

डबा उघडता यायला हवा

शेवटचं एक. रेकॉर्डिंग मागे जाऊन बघायला आणि पेन ड्राइव्हवर उतरवायला स्वतः शिका. पाच मिनिटांचं काम आहे, पण गरज पडते तेव्हा घरातला जाणकार माणूस हमखास बाहेरगावी असतो. डब्यातली तारीख-वेळ बरोबर आहे का तेही महिन्यातून एकदा पडताळा. आतला छोटा सेल संपला की घड्याळ भलतीच तारीख दाखवतं आणि मग पोलिसांपुढे पंचाईत होते. चोरी झालीच तर डब्याची कसलीही बटणं न दाबता आधी पोलिसांना कळवा, म्हणजे जुनं पुसलं जायच्या आत ते हवं ते उतरवून घेतील. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा चित्रणाबरोबर एक प्रमाणपत्रही द्यावं लागतं. ते कसं द्यायचं हे तपास अधिकाऱ्यांनाच विचारा.

वहिनींचं गंठण अजून मिळालेलं नाही. त्यांनी नवा डबा घेतला आणि तो आता माळ्यावर कुलपात आहे. दर रविवारी दुपारी त्या शिडी चढून मागच्या आठवड्याचं रेकॉर्डिंग लागतंय का ते बघून येतात. परवा मलाही शिकवलं. खाली उतरता उतरता म्हणाल्या, "आधी एकदा जरी असं वर चढले असते ना!"

आमच्या सासूबाई पुन्हा दिवाणावर झोपायला लागल्या आहेत. रेडिओही लागतो.

खरेदीला जाताना

* घराचा नकाशा आणि आत शिरायच्या वाटा कागदावर लिहून न्या.
* कोटेशनमध्ये कॅमेरे, डबा, हार्ड डिस्क, वायर, पॉवर सप्लाय आणि मजुरी वेगवेगळी मांडून घ्या. वायर तांब्याचीच असल्याचं लिहून घ्या, कारण तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायरही सर्रास मिळते.
* "किती दिवसांचं रेकॉर्डिंग राहील?" हे विचारा आणि महिन्याभराने स्वतः तपासा.
* चित्र दिवसा नाही, रात्री बघून पैसे चुकते करा.
* पक्कं बिल घ्या. वॉरंटी किती वर्षांची आणि दुरुस्तीला गावात कोण येणार, हे लिहून घ्या.
* पहिली जोडणी आणि पासवर्ड तुमच्याच मोबाइलवर.
* कॅमेरा दारावर, जिन्यावर, परसात. माणसांच्या उठण्याबसण्यावर नको.